मानेतली गाठ आणि पत्रातली शेवटची ओळ

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे, पुण्याला होस्टेलवर राहून शिकते. संक्रांतीला घरी आली तेव्हा तिच्या मानेला उजव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. आता होळी झाली. ती गाठ बोराएवढी झालीय आणि तिच्याखाली दुसरी आलीय. दुखत नाही. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, फरक पडला नाही. आता ते म्हणतात, टीबीच्या गोळ्या चालू करून बघू. बार्शीच्या डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, पण माझ्या जाऊबाई म्हणतात की सुई लावली की गाठ चिडते आणि कॅन्सर होतो. त्यांच्या ओळखीच्या एक बाई बिब्बा घालून गाठ बसवतात. मुलीचं वजनही उतरलंय. ती म्हणते मेसचं जेवण जात नाही. परीक्षा झाली की स्थळं बघायची आहेत. टीबी निघाला तर लग्न कसं होणार? घरात लहान मुलं आहेत, त्यांना लागेल का? आणि हो, माझ्या मोठ्या दिरांनाही जबड्याखाली अशीच गाठ आहे, सहा महिने झाले, पण त्यांना काही त्रास नाही. वय पंचावन्न, मावा खातात. आमच्या घराण्यातच गाठींचा गुण आहे का?
एक आई, बार्शी तालुका

उत्तर : ताई, तुमचे प्रश्न मुलीबद्दलचे आहेत, पण मी सुरुवात दिरांपासून करते, कारण घाई तिकडे जास्त आहे.

पंचावन्न वर्षांचा, मावा खाणारा पुरुष, जबड्याखाली गाठ, सहा महिने झालेले, आणि दुखत नाही. हे सगळं एका माणसात दिसलं की आमच्यापैकी कुणीही डॉक्टर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत नाही. तुम्हाला 'त्रास नाही' याचा दिलासा वाटतो, मला त्याचीच धास्ती वाटते. किडलेल्या दाढेमुळे आलेली गाठ ठणकते, हात लावू देत नाही, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरची मानेत उतरलेली गाठ सुरुवातीला बहुधा मुळीच दुखत नाही. म्हणूनच तिच्यात सहा-सहा महिने निघून जातात.

त्यांना कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. लाळेच्या ग्रंथीत खडा अडकला तरी जबड्याखाली सूज येते, पण ती जेवताना फुगते आणि नंतर उतरते. टीबीची गाठ तिथेही येते. पण हे ठरवायला कुणीतरी त्यांच्या तोंडात नीट बघायला हवं, आणि ते अजून कुणी बघितलेलं दिसत नाही.

घरी मोबाईलचा टॉर्च लावून गालांच्या आत, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली आणि शेवटच्या दाढेमागे बघा. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलायला लागलेला दात, ही लक्षणं बघायची. त्यांना आ करायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहा. वर्षानुवर्षं सुपारी-मावा खाणाऱ्यांची पुष्कळदा जात नाहीत. गाठीच्याच बाजूच्या कानात कळ येते का, आवाज बसलाय का, घास अडकतो का, हेही विचारा. यातलं काही नसलं तरी घरी थांबायचं नाही. जिभेचा मागचा भाग आणि घसा टॉर्चने दिसत नाही, त्यासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बीण घालून बघतात.

एक सांभाळा. 'छोटंसं ऑपरेशन करून गाठ काढून टाकू' असं कुणी म्हणालं तर लगेच होकार देऊ नका. आधी तोंड-घशाची तपासणी, मग गाठीतून सुईने नमुना, आणि तोंडात जखम असेल तर तिचा छोटा तुकडा, असा क्रम आहे. मुळाचा पत्ता लागण्याआधी गाठ कापली, तर पुढचं मोठं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. आणि उशिराची किंमत इथे मोठी असते: तोंडाचा कॅन्सर मानेतल्या गाठीपर्यंत पोचला की बरं होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, तिथून पुढे सरकला की आणखी घटते.

तुमच्यासाठी सोयीची गोष्ट म्हणजे यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. बार्शीतच नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली, म्हणजे खेड्यातल्या माणसांचे हे आजार ओळखणारी मंडळी तुमच्या तालुक्याच्या गावी कधीपासून आहेत. खर्चाची चिंता असेल तर रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर न्या आणि तिथल्या आरोग्यमित्राला (म्हणजे योजनेच्या मदतनिसाला) महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा. कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमोथेरपी तिच्यात बसतात. (गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर घासून मिळणाऱ्या माव्याने त्या बंदीची काय गत केली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि घरातल्या बायका मिश्री लावत असतील तर त्यांच्याही तोंडात त्याच टॉर्चने बघा.)

घराण्यात गाठींचा गुण वगैरे काही नसतो. पण एका घरात दोघांना गाठी आहेत तर एक प्रश्न विचारायलाच हवा: घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? आजी-आजोबा, शेतावरचा गडी, कुणीही. असेल तर टीबीसाठी त्यांची थुंकी तपासून घ्या.

आता लेकीबद्दल.

मानेत दोन्ही बाजूंना शेकड्यांनी लसिका गाठी असतात. त्या म्हणजे पोलिसांचे नाके समजा. तोंड, दात, घसा, डोक्याची कातडी या भागातून येणारे जंतू तिथे अडवले जातात, आणि धरपकड चालू असेपर्यंत नाका फुगलेला राहतो. डोक्यात उवा होऊन खाजवून जखमा झाल्या, टॉन्सिल सुजले, दाढ किडली की गाठ येते आणि मूळ कारण मिटल्यावर दोन-तीन आठवड्यांत उतरते. बारीक मुलांच्या मानेला वाटाण्याएवढ्या मऊ, सरकणाऱ्या गाठी लागतातच. त्यांच्यामागे धावू नये.

तुमच्या मुलीचं तसं नाही. दोन महिने झाले, दोन कोर्स झाले, गाठ वाढली, शेजारी दुसरी आली, वजन उतरलं. आपल्या देशात या वयात अशी गाठ दिसली की पहिला संशय टीबीचा येतो. फुप्फुसाबाहेरचा टीबी आपल्याकडे सगळ्यात जास्त लसिका गाठींतच दिसतो, आणि त्यातही मानेत. जुनी माणसं याला गंडमाळ म्हणायची. त्यात ताप, खोकला असतोच असं नाही. पुष्कळ मुलींना गाठीपलीकडे काहीच जाणवत नाही.

तरीसुद्धा तुमच्या गावातल्या डॉक्टरांचं 'गोळ्या चालू करून बघू' मला अजिबात पटलेलं नाही. संशय बरोबर असू शकतो. पण अशीच गाठ लिम्फोमात येते, म्हणजे लसिका गाठींच्याच कॅन्सरमध्ये, आणि तो तरुण वयात होतो. किकुची नावाचा एक आजार तरुण मुलींच्या मानेत हुबेहूब अशाच गाठी आणतो आणि काही महिन्यांत आपोआप जातो. पहिल्यात टीबीच्या गोळ्या देऊन मोलाचे महिने वाया जातात. दुसऱ्यात गाठ आपोआप बसते, श्रेय गोळ्यांना मिळतं, आणि पोरगी सहा महिने नको असलेली औषधं खाते. शिवाय टीबीच असला आणि त्याचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद न देणारे असले, तर नमुना न तपासता ते कळणार कसं? म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की गाठ कशाची ते कळेपर्यंत औषध नको. 'सूज उतरायला' म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या तर मुळीच नकोत. त्यांनी लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते आणि नंतर तपासणीत काही सापडत नाही. अँटिबायोटिकचा तिसरा कोर्सही नको, विशेषतः लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाचा. ते टीबीला अर्धवट दाबून ठेवतं आणि निदान लांबवतं. आधीच्या दोन चिठ्ठ्या जपून ठेवा, कोणती औषधं दिली होती हे पुढच्या डॉक्टरांना बघायचं असतं.

आता जाऊबाईंची सुई. ही तपासणी एफएनएसी नावाने होते. रक्त काढायच्या सुईइतकीच किंवा तिच्याहून बारीक सुई गाठीत घालून दोन-तीनदा पुढेमागे करतात आणि थोड्या पेशी ओढून घेतात. भूल लागत नाही, टाके नाहीत, पाच-दहा मिनिटांत मुलगी बाहेर येते. दुसऱ्या दिवशी थोडं दुखेल, क्वचित काळं-निळं होईल. मानेच्या गाठीला अशी सुई लावल्याने कॅन्सर होत नाही, आणि असलेला पसरतो ही भीतीही धरू नका. समजूत कुठून आली हे मात्र कळतं. लोक आठ महिने लेप लावतात, गाठ लिंबाएवढी झाल्यावर सुईला तयार होतात, रिपोर्टमध्ये कॅन्सर येतो, माणूस वर्षभरात जातो. गावाच्या आठवणीत सुई राहते, आधीचे आठ महिने राहत नाहीत.

बिब्ब्याबद्दल स्पष्टच सांगते, नको. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. टीबीची गाठ आतून मऊ होऊन तिच्यात पू झालेला असला की वरची कातडी आधीच पातळ झालेली असते. तिथे बिब्बा घातला, शेकलं, किंवा कुणी ब्लेडने चीर दिली, की ती फुटते आणि महिनोन्महिने वाहत राहते. तिचा वण गळ्यावर आयुष्यभर राहतो. असा पू काढायचा असेल तर डॉक्टर बाजूच्या चांगल्या कातडीतून तिरकी सुई घालून ओढून घेतात. तुम्हाला लग्नाची काळजी आहे ना? मग गळ्यावर बिब्बा घालू देऊ नका.

सुईची तपासणी होईल तेव्हा एक गोष्ट आधीच तोंड उघडून मागा, कारण नेमकी तीच पुष्कळदा राहून जाते. ओढलेला सगळा नमुना काचपट्ट्यांवर पसरून टाकतात आणि जंतू शोधायला काही उरत नाही. तेव्हा सांगायचं, 'डॉक्टर, थोडा नमुना सीबीनॅटसाठी ठेवा.' सीबीनॅट ही टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी तपासणी आहे. काही तासांत निकाल देते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही तेही सांगते. (थुंकीसाठी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पोचलेलं ट्रूनॅट हे त्याच जातीचं यंत्र; ते गोव्यातल्या कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ते मान्य केलं.) सुईने उत्तर मिळालं नाही आणि छोटी शस्त्रक्रिया करून गाठच काढायची ठरली, तर एक तुकडा फॉर्मलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत आणि एक साध्या सलाईनच्या बाटलीत द्यायला सांगा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग त्यांची वाढ करून औषधांची परीक्षा घेता येत नाही. रुग्णाच्या आईने हे सांगितलं तर चांगला सर्जन रागावत नाही.

सरकारी रुग्णालयात टीबीची ही तपासणी फुकट होते. बार्शीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सोलापूरच्या सिव्हिलमध्ये क्षयरोग विभागात चौकशी करा, किंवा १८०० ११ ६६६६ या निक्षय हेल्पलाइनला फोन लावा. पोरीला परीक्षेमुळे पुणं सोडता येत नसेल तर ससूनमध्येही होईल. सोबत छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि साखर तपासतील. सगळ्यांचीच तपासतात, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. 'रक्तातून टीबी' सांगणाऱ्या महागड्या तपासण्यांवर मात्र पैसे घालू नका. रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी ठरवणाऱ्या किटवर सरकारने २०१२ सालीच बंदी आणली. आज मिळणाऱ्या रक्ताच्या तपासणीवरून फार तर शरीरात जंतू कधीतरी शिरला होता एवढं कळतं, आणि आपल्याकडे तो कोट्यवधी धडधाकट लोकांच्या शरीरात शिरलेला असतो. ईएसआर (शरीरात कुठेतरी सूज आहे एवढंच सुचवणारी रक्ताची साधी तपासणी) वाढलाय म्हणून टीबी, हेही तसंच तकलादू.

रिपोर्टमध्ये 'रिअ‍ॅक्टिव्ह' लिहिलं असेल तर तूर्त काही वावगं दिसलं नाही असा अर्थ, पण गाठ महिनाभरात उतरली नाही तर पुन्हा तपासायची. 'ग्रॅन्युलोमॅटस' असेल तर टीबीकडे बोट आहे. सीबीनॅटमध्ये जंतू सापडला नाही तरी टीबी नाही असं होत नाही, कारण गाठीत जंतू थोडेच असतात. तिथे डॉक्टर सगळं एकत्र ठेवून निर्णय घेतात. आणि लिम्फोमाचा संशय लिहिला तर अख्खी गाठ काढून तपासावीच लागते, सुई तिथे पुरत नाही. तसं निघालं तरी हाय खाऊ नका. तरुणांमधला हॉजकिन लिम्फोमा हा सगळ्यात चांगले बरे होणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे.

टीबीच निघाला, तर साधारण सहा महिन्यांचे उपचार. वजनानुसार ठरलेल्या गोळ्या रोज घ्यायच्या, सरकारकडून फुकट मिळतात, आणि खासगी डॉक्टरकडे उपचार घेतले तरी नोंदणी करावीच लागते. नोंदणीनंतर निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट केले. मेसचं जेवण जात नाही म्हणते ना, तर अंडी, शेंगदाणे, दूध यावर ते खर्च होऊ देत.

गोळ्या चालू झाल्यावर लघवी केशरी होईल, घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या, किंवा नजर धूसर झाली, रंग ओळखता येईनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: उपचार नीट चालू असताना पहिल्या काही महिन्यांत गाठ वाढू शकते, नवी गाठही येऊ शकते. मेलेल्या जंतूंवर शरीर तुटून पडतं, त्याची ती सूज. नेमक्या याच वेळी लोक 'औषध लागू पडत नाही' म्हणून डॉक्टर बदलतात किंवा गोळ्या सोडतात. दाखवा जरूर, पण सोडू नका. आणि सहा महिने संपल्यावर लहानशी टणक गाठ उरली तर ती बहुतेकदा नुसता वण असतो.

लहान मुलांना लागेल का? टीबी फक्त मानेच्या गाठीतच असेल तर तो खोकल्यातून, ताटातून, कपड्यांतून पसरत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तर तिचं ताट वेगळं काढू नका, भाचरांना तिच्यापासून लांब ठेवू नका.

आणि लग्न. सहा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या आजारासाठी मुलीचं आयुष्य अडत नाही. पूर्ण उपचार घेतलेल्या मुलीला संसारात किंवा मूल होण्यात या गाठीमुळे अडचण यायचं कारण नाही. गोळ्या चालू असताना लग्न झालंच, तर दोन गोष्टी तिला तुम्ही किंवा डॉक्टरांनी मोकळेपणी सांगायला हव्यात: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत, आणि दिवस राहणं उपचार संपेपर्यंत लांबवलेलं बरं. भावकीत आणि गावभर सांगायची गरज नाही. पण ज्याच्याशी लग्न ठरेल त्या मुलापासून लपवू नये असं माझं मत आहे. लपवलेल्या गोळ्या सासरी चोरून खाव्या लागतात, चोरून खाल्लेल्या गोळ्या चुकतात, आणि अर्धवट सोडलेला टीबी पुढच्या वेळी साध्या औषधांना दाद देत नाही. स्थळं सहा महिन्यांनी बघितली तर हा सगळा प्रश्नच येत नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात: गळ्याच्या पुढच्या बाजूला मध्यभागी सूज असेल तर आरशासमोर पाण्याचा घोट घ्या. घोटाबरोबर ती वर सरकली तर बहुधा थायरॉइड आहे. टीएसएच (थायरॉइडची रक्ताची तपासणी) आणि सोनोग्राफी करून घ्या, त्यातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. हाडाला चिकटल्यासारखी टणक गाठ, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यातली गाठ, किंवा रात्री कपडे भिजवणारा घाम असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. आणि गळा झपाट्याने सुजून ताप आला, तोंड उघडेना, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा.

ताई, परीक्षा बुडवायला मी सांगत नाही. सुईला एक सकाळ लागते, तेवढी परीक्षेच्या आधी निघते. दिरांना मात्र याच आठवड्यात बार्शीला न्या, आणि जाऊबाईंना बरोबर घ्या. सुईबद्दलच्या त्यांच्या शंका तिथल्या डॉक्टरांना त्यांनीच विचारू देत.